ओळींमधल्या बोरूबद्दल : संत्रा पट्ट्यातल्या कृषी सहायकांना खुले पत्र

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड आणि आजूबाजूच्या तालुक्यांत काम करणाऱ्या सर्व कृषी सहायक भावाबहिणींनो,

सप्रेम नमस्कार. तुमचं पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झालं आहे हे माहीत आहे. पण गावात अजून कुणी तुम्हाला तसं म्हणत नाही, म्हणून मीही जुन्याच नावानं लिहिते.

गेल्या श्रावणात एका पाहणीसाठी एक साहेब आमच्या बागेत आले होते. दोन ओळींच्या मधे कमरेइतका बोरू, म्हणजे मातीसाठी पेरलेला ताग, उभा होता, फुलं यायला अजून अवकाश होता. साहेबांना मोबाइलवर अक्षांश-रेखांशासकट फोटो घ्यायचा होता. दोन-तीन जागा बदलून पाहिल्या आणि म्हणाले, "ताई, झाडं त चांगली आहेत, पण बाग लय गबाळी दिसून राह्यली. थोडं साफ करून ठेवा, मी पुढच्या आठवड्यात येतो फोटोले." मी म्हटलं, अहो, हे तण नाही, पेरलेलं आहे. ते हसले. "पेरलं का उगवलं, फोटोत सारखंच दिसते."

माणूस वाईट नव्हता. चहा घेऊन गेला, ओलिताची चौकशी केली. 'चांगली बाग' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, तेच या पट्ट्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं. झाडाखाली काडी नाही, ओळीत गवताचं पातं नाही, रोटावेटर फिरवून भुसभुशीत काळी केलेली जमीन. माझे सासरे, म्हणजे मामाजी, म्हणायचे, बाग आरशासारखी पाहिजे. रस्त्यानं जाणाऱ्यानं थांबून पाहावं अशी त्यांची बाग होती, आणि मामाजींना तिचा अभिमान होता. त्या आरशाखाली माती कशी होत गेली ते मात्र आम्हाला त्यांच्या माघारी कळलं.

आपली जमीन काळी, भारी, चुनखडीची. ओली झाली की फुगते, वाळली की फाटते. उघडी ठेवली तर पहिल्या दोन-तीन जोरदार सरींतच ढेकळं फुटून वरचा थर लिंपल्यासारखा होतो. मग पाणी एक तर वाहून जातं, नाहीतर ओळीत साचून राहतं. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. पाणी साचलं की त्यांना हवा मिळत नाही, आणि डिंक्याच्या, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाच्या, बुरशीला नेमकं तेच हवं असतं. उन्हाळ्यात याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर ही मुळं ताणून तुटतात. पावसाळ्यात गुदमरायचं आणि उन्हाळ्यात तुटायचं, असं त्या झाडाचं वर्ष. वरून आम्ही बोर्डो पेस्ट लावतो, मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. ती लावायलाच हवी. पण ती खोडाला लागते, मुळांपर्यंत जात नाही.

रोटावेटर हे आणखी एक दुखणं. मामाजींच्या तरुणपणी बैलाचा वखर वरवर चालायचा. रोटावेटर चार-पाच इंचांत सगळं पिठासारखं करतो, त्या पट्टीतली बारीक मुळं कापतो आणि खाली एक टणक थर तयार करत जातो. पास मारल्याच्या दिवशी जमीन गादीसारखी लागते, म्हणून माणूस फसतो. पुढच्या पावसात तेच पीठ चिखल होऊन बसतं. शिवाय माती जितकी उलथावी तितका तिच्यातला सेंद्रिय अंश लवकर जळतो. तुम्हीच वाटलेल्या मृदा आरोग्य पत्रिका काढून बघा. १२ गोष्टींची नोंद असते तिच्यात. आमच्या शिवारातल्या ज्या पत्रिका मी पाहिल्या, त्यांत सेंद्रिय कर्बाच्या ओळीत बहुतेकदा 'कमी' लिहिलेलं आहे, म्हणजे ०.५ टक्क्याच्या खाली. पत्रिका सांगते, खत टाका. कर्ब कमी का झाला आणि तो परत कुठून आणायचा, याला तिच्यात रकाना नाही.

शेणखत म्हणाल, तर ढोरं राहिली किती? ट्रॉलीचा भाव ऐकून आम्ही गप्प बसतो. जे विकत मिळत नाही ते बागेतच उगवावं, एवढी साधी गोष्ट आहे ही, आणि नवीन तर मुळीच नाही. सासूबाई सांगतात, कलमं लहान असताना ओळींत उडीद, मूग, चवळी असायचीच. वाखासाठी, म्हणजे दोर वळायच्या धाग्यासाठी, बोरू आणि अंबाडी धुऱ्यावर, बांधावर असायची. झाडं मोठी झाली, ट्रॅक्टर आला, बोरूचा दोर जाऊन प्लास्टिकचा आला, आणि मधली जमीन उघडी पडली. कुणी ठरवून केलं नाही हे.

आता आम्ही काय करतो ते सांगते, म्हणजे पुढच्या पाहणीला तुम्हाला ते ओळखता येईल.

झाडापासून दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट सोडून मधल्या सात-आठ फुटांच्या पट्ट्यात बोरू पेरतो. पाणी साचतं त्या खोलगट भागात ढैंचा, कारण तो ओल्या पायानं उभा राहतो, बोरू राहत नाही. सलग शेतात बोरूचं बी एकरी २० ते २५ किलो लागतं. आपला पट्टा निम्म्याहून कमी जागेचा, म्हणून ८ ते १० किलोत भागतं. बियाण्याला चवळी गटाचं रायझोबियम, म्हणजे मुळावर गाठी आणणारं जिवाणूखत, चोळायचं, किलोला २५ ग्रॅम. साधारण तीन-चार आठवड्यांनी एक रोप मुळासकट हलकेच उपटून मुळावरची गाठ नखानं फोडून बघायची. आत गुलाबी-लाल निघाली तर हवेतलं नत्र बांधायचं काम सुरू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर पैसे बियाण्यावरच गेले समजा. ही नखाची तपासणी बांधावर कुणालाही दाखवता येते, तिला प्रयोगशाळा लागत नाही.

४०-४५ दिवसांनी, फुलं दिसू लागली की कापायचं. त्यापुढे थांबायचं नाही. आम्ही दुसऱ्या वर्षी थांबलो, अजून वाढू दे म्हटलं, तर त्याचा वाख झाला. ब्रशकटरच्या डोक्याला दोर गुंडाळले गेले, दर दहा मिनिटांनी मशीन बंद करून सुरीनं कापत बसावं लागलं, आणि कापलेलं दिवाळीपर्यंत कुजलं नाही. पहिल्या वर्षीची चूक वेगळी होती. दुकानात मिळाली म्हणून वेल जाणारी चवळी पेरली. ती झाडांवर चढली. महिनाभर आम्ही संत्र्यावरून चवळी सोडवत होतो आणि सासूबाई रोज संध्याकाळी शेंगा खुडत होत्या. त्यांना तेवढाच फायदा झाला.

कापलेला पाला गाडायचा नाही. तो झाडाच्या घेराखाली पसरायचा, खोडापासून दीड-दोन फूट लांब. खोडाला चिकटवला तर ओल धरून डिंक्याला आपणच बोलावल्यासारखं होतं, आणि वाळवीलाही. ब्राझीलमध्ये साओ पावलोकडच्या बागांत ओळींमधलं गवत कापून असंच झाडाखाली फेकतात. वाचलं तेव्हा बरं वाटलं, आपण एकटेच वेडे नाही म्हणून.

यातून मिळतं किती? पुस्तकांत बोरूचं नत्र हेक्टरी ६० ते १०० किलो लिहिलेलं असतं. ते सलग उभ्या पिकाचं. पट्ट्यातल्या पिकाचं २५ ते ४० धरा, आणि तेही एका वर्षात सगळं झाडाला लागू होत नाही. म्हणून कुणी शेतकरी विचारेल, "मग युरिया बंद करू का?" तर त्याला हो म्हणू नका. आम्ही कमी केला, बंद केला नाही. मला यातली खतापेक्षा मोठी गोष्ट मुळांची वाटते. बोरूचं सोटमूळ खालचा टणक थर फोडून जातं, आणि मूळ कुजलं की त्याच जागी पाण्याला वाट राहते. जिथे गुडघाभर पावसाळी पाणी दोन-दोन दिवस उभं राहायचं, त्या कोपऱ्यात आता ते संध्याकाळपर्यंत उतरतं. पावसाळ्यात उभं पीक जास्तीची ओल पिऊनही टाकतं, हाही भारी जमिनीत फायदाच. आणि एक न दिसणारी गोष्ट. संत्र्याच्या मुळांना केसमुळं फार थोडी असतात, स्फुरद आणि जस्त उचलायला त्याला मुळांवरच्या मायकोरायझा बुरशीची मदत लागते. ही बुरशी जिवंत मुळावरच जगते. वर्षानुवर्षं मधली जमीन ओसाड ठेवली तर तिथे ती जगणार कशावर? पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला की आम्ही झिंकची फवारणी मारतो, वरून सुपर फॉस्फेटचाही मारा करतो. स्फुरद जास्त झालं की जस्त आणखी अडतं हे तुम्ही शिकलेले आहात. आम्हाला ते दुकानदार सांगत नाही.

आता अडचणी. त्या न सांगता नुसतं कौतुक केलं तर पहिल्याच वर्षी लोक तुम्हाला शिव्या देतील.

सगळ्यात मोठी अडचण बहाराची. बहार म्हणजे झाडाचा फुलोरा, अंबिया हिवाळ्याच्या शेवटी येतो आणि मृग पावसाच्या सुरुवातीला. अंबियासाठी डिसेंबर-जानेवारीत ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं असतं. भारी जमीन आधीच ओल सोडत नाही, त्यात झाडाखाली जाड आच्छादन असेल तर ताण बसायला वेळ लागतो. जूनमध्ये पेरून ऑगस्टमध्ये कापलेला कोवळा बोरू तोवर कुजून काळा झालेला असतो, म्हणून वेळ पाळणं महत्त्वाचं. जाड थर उरलाच तर तो ओढून ओळीच्या मध्यात घ्यावा. मृगवाल्यांनी जूनमध्ये पेरूच नये. त्यांचा ताण पहिल्या पावसानं तुटतो, नवती, म्हणजे नवी पालवी, आणि फूल त्याच वेळी असतं, तेव्हा झाडाशेजारी ओलीला दुसरा वाटेकरी नको. फळधारणा झाल्यावर जुलैच्या शेवटी पेरावं आणि सप्टेंबरच्या मध्यावर कापावं. ऑगस्टात पावसानं तीन आठवडे दडी मारली तर ४५ दिवस मोजत बसू नये, असेल त्या उंचीवर कापून टाकावं.

जुन्या, दाटलेल्या बागेत सावलीमुळे बोरू खुरटतो. तिथे बियाण्याचे पैसे घालवू नयेत, आपोआप उगवलेलं मऊ गवत दोनदा कापून टाकलं तरी पुष्कळ. तरोटा, म्हणजे टाकळा, शेंगेचा असला तरी त्याच्या मुळावर गाठी येत नाहीत, नत्राच्या आशेनं तो राखू नका. भाजीपुरता खुडा.

मजुरांची भीती खोटी नाही. हिरवळीत इचू-काटा असतो, बाया आत जायला नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. अंबियाची तोडणी ऑक्टोबरपासून, तोवर सगळं कापून झालेलं असतं. पण मधल्या फवारणीला गमबूट द्यावे लागतात. तो खर्च योजनेत कुठे बसत असेल तर सांगा.

आणि सगळंच हिरवं चांगलं नसतं. धुऱ्यावरची गुळवेल आणि वासनवेल काढाच. फळात सोंड खुपसून रस पिणाऱ्या पतंगाच्या अळ्या या वेलींवर वाढतात. गावात गुळवेलीला औषधी म्हणून मान आहे, कोरोनानंतर तर जास्तच, त्यामुळे हे सांगितलं की लोक नाराज होतात. हरळी आणि लव्हाळ्यालाही माझी माया नाही. पण त्यांच्यासाठी सबंध बागेवर तणनाशक मारणं म्हणजे उवांसाठी डोकं भादरण्यासारखं. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांमार्फत करावा अशी अधिसूचना केंद्रानं २०२२ मध्ये काढली होती. त्या वर्षानंतर आमच्या शिवारातल्या पाठीवरच्या पंपात किती फरक पडला, ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

फ्लोरिडाचं उदाहरण हल्ली बैठकांतून फार ऐकू येतं, त्याबद्दल थोडं. तिथे १९९७-९८ च्या हंगामात सुमारे २४ कोटी पेट्या संत्री निघाली होती. २००५ साली झाड हळूहळू खंगवणारा ग्रीनिंग रोग सापडला, वादळं आली, आणि २०२४-२५ मध्ये आकडा सव्वा कोटीच्या आसपास आला. त्या पडझडीत तिथल्या विद्यापीठानं आणि बागायतदारांनी ओळींमध्ये आच्छादन पिकांचे प्रयोग सुरू केले. त्यानं रोग बरा होत नाही, तसा त्यांचा दावाही नाही. आजारी झाडाला निदान माती तरी धड मिळावी एवढाच हेतू. पण त्यांची जमीन वाळू आहे आणि आपली काळी चिकण, म्हणून त्यांच्या बियाण्यांच्या याद्या आणून आमच्या गळ्यात बांधू नका. उचलायची असेल तर वेळ उचला. त्यांनी मातीकडे पाहिलं ते झाडं गेल्यावर. आपल्याकडेही हा रोग पसरवणारी सिट्रस सिला कीड आहे, ग्रीनिंग आहे, झाडं मात्र अजून उभी आहेत.

आणि पाणी. वरुड-मोर्शीचा भूजलाचा शिक्का 'अतिशोषित' आहे. आठशे-हजार फुटांचे बोअर आणि मे महिन्यातले टँकर तुम्ही पाहिलेले आहेत. प्रत्येक योजना पाणी आणण्याची किंवा थेंबानं देण्याची असते. पडलेला पाऊस झाडाच्या बुडाशी मुरवायची एकही फाइल माझ्या तरी पाहण्यात आली नाही. बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवल्यापासून लहान फळाला भाव राहिलेला नाही, त्यामुळे हजारोंचा खर्च सांगितला तर शेतकरी तुमच्यापुढे हात जोडेल. ८-१० किलो बोरूचं बी मात्र त्याला झेपतं.

फक्त ते वेळेवर मिळत नाही. मागे जूनमध्ये तालुक्याच्या एका दुकानात बोरूचं बी मागितलं, तर गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, "कोण नेते आता ते? सोयाबीन घ्या ना." शेवटी एका पाहुण्यांकडून जुलैत पोतं आलं, पंधरा दिवस हुकले. तुम्ही खरिपाच्या बैठका मे महिन्यात घेता. त्याच बैठकीत कुणाला किती बोरू, किती ढैंचा हवा ते लिहून घ्या आणि वर कळवा. आठ गावांची मागणी एकत्र दिसली तर बी येईल. एकेकट्यानं मागितलं तर तो पोरगा हसेलच.

दुसरं मागणं पाहणीबद्दलचं. तुमच्या नमुन्यात 'बागेची स्थिती' असा रकाना असतो, त्यात स्वच्छ, मध्यम किंवा तणग्रस्त लिहिलं जातं. तिथे 'आच्छादन पीक आहे' असं लिहायची सोय होत नसेल तर शेऱ्यात लिहा. पण कापून ठेवा, मग फोटो घेतो, असं कुणाला म्हणू नका. तुमच्या एका फोटोसाठी माणूस महिनाभर वाढवलेलं पीक वेळेआधीच कापतो, हे मी बघितलं आहे. माझ्याच घरी. नवरा म्हणाला, कशाला वाद घालते, कापून टाकू. कापलंही आम्ही चार ओळींतलं, रस्त्याकडचं.

त्या चार ओळी अशा रीतीनं तुलनेसाठी राहिल्या, म्हणून त्या साहेबांचे आभारच मानायला हवेत. पुढे त्या ओळींत उरलेलं रोटावेटरनं मोडलं, आतल्या ओळींत नाही. मार्चमध्ये दोन्हीकडचं मुठीएवढं वाळलं ढेकूळ आणून दोन पेल्यांत पाण्यात सोडलं. रस्त्याकडचं दहा मिनिटांत विरघळून तळाशी गाळ झालं. आतलं कडेनं थोडं झडलं, पण संध्याकाळी भांडी घासायच्या वेळेला अजून ढेकूळच होतं. एका बागेतल्या दोन ढेकळांनी काही सिद्ध होत नाही, मान्य. नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेतले किंवा अकोला विद्यापीठातले शास्त्रज्ञ याहून नीट मोजतील, आणि त्यांनी मोजावं. आमच्या शेजारच्या दादांनी मात्र ते दोन पेले बघितले, काही बोलले नाहीत, आणि आता त्यांनी यंदासाठी पाच किलो बी सांगून ठेवलं आहे.

तुम्हाला मी भाषण द्यायला बोलवत नाही. यंदा पाऊस वेळेवर आला तर आमचा बोरू ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात फुलावर येईल. कापणीच्या दिवशी या. गाठी नखानं फोडून बघू, कुदळ मारून मुळं किती खोल गेली ते बघू, ढेकळं पाण्यात सोडू. आपापल्या गावातल्या सगळ्यात आरशासारख्या बागेतलं एक ढेकूळ सोबत आणा. बाकी सगळं इथे आहे. आमच्याकडे पेले तेवढे स्टीलचे आहेत, काचेचे दोन घेऊन या.

आपली,
वरुड तालुक्यातील एक संत्रा बागायतदार